अकरा पायऱ्या आणि तीन चाकं

मी तीनचाकी बोलतेय. बेलापूरच्या पुढं, उसाच्या पट्ट्यातल्या आमच्या गावात चर्चच्या फाटकातून आत शिरलात की डाव्या हाताला एक सोनेरी सायकल दिसते ना? सीटवर झेंडूची कुंडी, गळ्यात प्लास्टिकचा हार? ती मी. लोक माझ्यापुढं उभे राहून फोटो काढतात. मला कुणी विचारलंच तर सांगेन, फोटो राहू द्या, आधी माझी चाकं मोकळी करा.

मी कुठल्या कारखान्यात जन्मले ते आठवत नाही. आठवतं ते श्रीरामपूरचं, अपंगांना सायकली वाटायचं शिबिर. आम्हा चाळीस सायकलींना उन्हात ओळीनं उभं केलं होतं आणि आमच्यासमोर चाळीस माणसं सकाळपासून बसवून ठेवली होती. पुढारी आले तीन वाजता. विल्सनचं नाव पुकारलं. लहानपणीच पोलिओनं दोन्ही पाय गेलेला, हातांवर सरकत येणारा माणूस. तो माझ्यावर चढून बसला, माझ्या दांडीवर हात ठेवला आणि डोळे मिटले.

फोटोवाला ओरडला, "अहो, डोळे उघडा, हिकडं बघा!"

"थांबा की जरा," विल्सन म्हणाला, "आधी देनाऱ्याचे उपकार मानू द्या."

पुढाऱ्यांना वाटलं, आपलेच मानतोय. ते छान हसले.

घरी आल्यावर विल्सननं पहिलं काम काय केलं, तर माझ्या पाठीवरचं पुढाऱ्यांचं लालभडक नाव दयाकडून पुसून घेतलं आणि त्यावर पांढरा क्रूस काढायला लावला. दया त्याची एकुलती एक लेक. आई नव्हती. तेव्हा ती दहावीत होती आणि बापावर बापासारखीच माया करायची, रागावून.

चौकात घड्याळं दुरुस्त करून विल्सन घर चालवायचा. पण त्याचा खरा धंदा विचाराल तर दुसऱ्याच्या कामाला पळणं. पळणं म्हणजे मी पळायचे, पेडल त्याचे हात मारायचे. म्हाताऱ्यांच्या गोळ्या आणणं, विधवांचे निराधार योजनेचे अर्ज भरून तहसिलात नेणं, आजाऱ्याच्या उशाशी प्रार्थना करणं. कानिफनाथाच्या यात्रेला जाणारे शेजारीसुद्धा म्हणायचे, "विल्सनभाऊ, आमच्या पोरावर बी एकदा हात ठेवा." तो ठेवायचा. ज्याला दोन पाय होते त्याला वेळ नव्हता, आणि ज्याला पाय नव्हते त्याला गाव पुरत नव्हतं.

आमच्या वस्तीत एक रीत होती. स्वयंपाक करताना बाई पिठाची किंवा तांदळाची एक मूठ वेगळी काढायची. देवाची मूठ. शनिवारी विल्सन घरोघर जाऊन त्या मुठी माझ्या मागच्या पेटीत गोळा करायचा आणि रविवारी उपासनेच्या आधी, जिथं चूल पेटलेली नसेल तिथं पोचवायचा. कुणाच्या दारात पेटी उघडली हे त्यानं कधी कुणाला सांगितलं नाही. मी मात्र सांगणार आहे. आज चर्चचा सेक्रेटरी म्हणून मिरवणाऱ्या जस्टिनचा बाप वारला, तेव्हा दोन वर्षं त्या घरातली भाकरी माझ्या पेटीतून गेली. टोचून बोलतेय म्हणता? हो, टोचूनच बोलतेय.

मग नवं चर्च बांधायचं ठरलं. जुनं बैठं होतं, त्याच्या दारातून मी थेट आत जायचे आणि शेवटच्या बाकाशी उभी राहायचे. बैठकीत ठरलं, बांधकाम होईपर्यंत मुठीचं धान्य विकून विटा घ्यायच्या. "मग कडूबाईच्या चुलीचं काय?" एवढंच विल्सननं विचारलं. तिची चूल त्या मुठींवरच पेटायची. "थोडे दिस, काका," जस्टिन म्हणाला. त्या थोड्या दिवसांची तीन वर्षं झाली. विल्सन दुप्पट घरं फिरला, आणि कडूबाईला आपल्या ताटातलं देत राहिला.

त्याच बैठकीत नकाशा पसरला. जोतं उंच, समोर अकरा पायऱ्या. "कुनाची हरकत?" असं विचारताच सगळ्यात आधी होकाराचा हात वर गेला तो विल्सनचा. माझ्या देखत गेला. त्या हाताला मी उभ्या आयुष्यात माफ केलेलं नाही.

घरी दया कडाडली. "पप्पा, तुमी कसं काय हो म्हनलात? तुमी वर जानार कसे?"

"माझ्यापायी देवाचं घर ठेंगनं करू व्हय? उतार करू म्हनालेत ना ते बाजूनं."

"म्हनालेत! कागदावर काढलाय का तो उतार?"

विल्सन घड्याळाच्या काट्यात तोंड घालून बसला. देवावर विश्वास ठेवता ठेवता माणसांवरही ठेवायची खोड होती त्याला.

उद्घाटनाला दूरदूरचे पाव्हणे आले. उतार नव्हता. "पुढच्या महिन्यात घेऊ करून, काका," जस्टिन म्हणाला. पहिले काही रविवार चौघांनी विल्सनला उचलून वर नेलं. मग चाराचे दोन झाले. एकदा अर्ध्या पायऱ्यांवर एकाचा फोन वाजला आणि त्यानं विल्सनला पोत्यासारखं पायरीवर टेकवलं. बायका बघत होत्या. त्या दिवसानंतर विल्सन म्हणाला, "नको बाबांनो, मी खालीच बरा. देव काय फकस्त वरच बसतो व्हय?"

पुढची आठ वर्षं आम्ही दोघं खिडकीखाली. वर गाणं सुरू झालं की तो खालून सूर धरायचा. प्रभुभोजनाच्या रविवारी भाकर आणि प्याला वरून खाली यायचा, सगळ्यांचं झाल्यावर. कधी विसरला जायचा. तेव्हा विल्सन माझं पेडल उलटं फिरवायचा. उलटं फिरवलं की चाक हलत नाही, नुसती कटकट वाजते. तेवढीच त्याची तक्रार. वर कुणाला ऐकू गेली नाही.

दयाला शेवगावला नर्सची नोकरी लागली होती. ती आली की तो तिला एकच गोष्ट सांगायचा. "एकदा त्या प्रभुभोजनाच्या मेजापाशी जायचंय गं. कुनाच्या काखेत लोंबकळून न्हाई. माझं मी, हिच्यावर बसून." दया दर वेळी जस्टिनला गाठायची, जस्टिन दर वेळी 'पुढच्या महिन्यात' म्हणायचा. आणि बाप लेकीलाच दटावायचा, "भांडू नको, देवाचं काम हाय."

या वर्षी जानेवारीत विल्सन गेला. छातीत कफ भरला आणि तीन दिवसांत आटोपलं.

त्याची शवपेटी चर्चपाशी आली. उचलायला सहा जण पुढं झाले, आणखी चौघं 'मी धरतो, मी धरतो' म्हणत मागं. अकरा पायऱ्या एका दमात चढले हो! पेटी थेट मेजापाशी नेऊन ठेवली. जिवंत माणसाला दोन हात मिळेनात, आणि मेल्यावर वीस. मला अश्रू नसतात, नाहीतर त्या दिवशी माझ्या सगळ्या तारा गंजल्या असत्या.

दया पायऱ्या चढली नाही. ती माझ्या सीटवर येऊन बसली. जस्टिन धावत खाली आला. "ताई, चला ना वर, पुढची खुर्ची ठेवलीय तुमाला."

"माझा बाप हितं आठ वर्षं बसला, जस्टिनभाऊ. मी पाऊन तास बसते."

तो मान खाली घालून परत गेला.

शेवगावला परत जायच्या आधी दयानं माझी सोय लावली होती. वस्तीतल्या रतनबाईचा पाय साखरेच्या आजारानं गुडघ्याखाली कापला होता, ती अंगणातून फाटकापर्यंतही येऊ शकत नव्हती. दया तिला म्हणाली, "मावशी, सायकल तुमची. पप्पांना लई आवडलं असतं." मी खूश झाले. मला पुन्हा काम मिळणार होतं.

पण रतनबाईचा भाचा मला न्यायला यायच्या आत कमिटीचा ठराव झाला. विल्सनकाकांचं स्मारक करायचं. मला आवारात आणलं, सोनेरी रंग फासला. दयानं काढलेला पांढरा क्रूस रंगाखाली गेला आणि त्यावर कमिटीच्या सगळ्यांची नावं आली. खड्डा खणून माझी तिन्ही चाकं साखळीच्या खालपर्यंत सिमेंटात रोवली. ज्ञानेश्वर गवंडी घमेलं खाली ठेवत म्हणाला, "साहेब, दोन पोती सिमेंट ग्येलं. एवढ्यात उताराचं निम्मं काम झालं असतं की."

"ते बी करू," जस्टिन म्हणाला, "पुढच्या महिन्यात."

कार्यक्रमाच्या दिवशी दया शेवगावहून आली. मला बघून ती थेट माझ्यापाशी आली. मग म्हणाली, "ही रतनमावशीला दिली होती. काढा हे सिमेंट."

"फोडायचं म्हनता, ताई?" जस्टिननं चार लोकांना ऐकू जाईल असं विचारलं. "तुमच्या वडलांचं स्मारक?"

सगळे तिच्याकडं बघायला लागले. बापाचं स्मारक फोडणारी लेक! दयानं सिमेंटाचं नाव पुन्हा काढलं नाही. तिनं माझ्या दांडीवर हात ठेवला, बाप ठेवायचा तसाच, पण डोळे मिटले नाहीत.

आता रविवारी रतनबाईला भाचा मोटरसायकलवर आणून सोडतो. ती माझ्या शेजारी गोणपाटावर बसते, खिडकीखाली. प्याला तिच्यापर्यंतही उशिराच येतो. गेल्या रविवारी आलाच नाही. वर शेवटचं गाणं संपलं, चपला वाजायला लागल्या, तेव्हा तिनं हात लांबवून माझं पेडल उलटं फिरवलं. कट, कट, कट. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं.

पायऱ्या उतरणाऱ्या माणसांनो, मला हार नको, रंगही नको. विल्सनची आठवण काढायची असेल तर उद्या पहार घेऊन या आणि माझी चाकं सोडवा. मग त्या पायऱ्यांच्या कडेनं एक उतार घाला. वरचं ते मेज मी अजून पाहिलेलं नाही. रतनबाईला घेऊन मला तिथवर जायचंय.