महाराजांच्या मुठीतलं मनगट

रायापूरच्या मंगल कार्यालयात त्या रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. जन्मात शब्द न काढलेली मुलंसुद्धा मौनभंजन महाराजांपाशी घडाघडा बोलतात, अशी धारवाडभर हवा झाली होती. बोलतात म्हणजे तोंडानं नव्हे. महाराज मुलाचं मनगट धरत, मुलाचं बोट अक्षरपाटीवर फिरे आणि शिष्य ती अक्षरं जोडून माइकवर वाचून दाखवी. मुलाला कष्ट नाहीत, महाराजांना तर नाहीतच.

शुभांगीचा आठ वर्षांचा श्रीनिधी स्वमग्न होता. गोंगाट त्याला सोसत नसे, म्हणून तो कान झाकणारे हेडफोन घाली. ते शिष्यांनी दारातल्या पिंपात, इतर मुलांच्या असल्याच आधाराच्या वस्तूंवर, टाकायला लावले होते. ‘कृत्रिम बंधनं’ म्हणे! आता पर्समधली चित्रांची कार्डं राहिली होती. तहान लागली, पोट दुखलं, की श्रीनिधी त्यातलं एक काढून तिच्या हातात देई. मूल बोललं की तीही पिंपात जायची होती.

महाराजांनी मनगट धरलं. बोट सरसर फिरलं.

“आई, मी तुझ्यावर प्रेम करतो!” शिष्य गरजला. टाळ्यांचा कडकडाट झाला.

“ऐकलीस काय ग?” सासूबाई, वेणूबाई, रडतच म्हणाल्या. “टाक की ती कार्डं आता!”

शुभांगीलाही हुंदका आला. आठ वर्षं ती याच वाक्यासाठी झुरत होती. पण ते गळ्याखाली उतरेना. घरात तिला आई कुणीच म्हणत नसे. दिरांची मुलं अक्का म्हणत, म्हणून साऱ्या घराची ती अक्का. कार्डावर तिच्या फोटोखालीही अक्काच लिहिलेलं. आणि ‘तुझ्यावर प्रेम करतो’ हे धारवाडात फक्त टीव्ही म्हणतो.

“महाराज, एकच चित्र दाखवते त्याला. काय आहे तेवढं सांगू दे, मग सगळी कार्डं टाकते,” ती म्हणाली.

महाराजांनी उदारपणे मान डोलावली. तिनं एक कार्ड तळहातात झाकून फक्त श्रीनिधीला दाखवलं. दुसऱ्या हातातलं कार्ड मात्र विसरल्यासारखं महाराजांच्या तोंडासमोर राहू दिलं. श्रीनिधीनं आपलं कार्ड बघितलं आणि पुन्हा नजर छताच्या पंख्याला लावली. बोट फिरलं.

“छत्री!” शिष्य ओरडला.

शुभांगीनं तळहात लोकांकडे वळवला. बसचं चित्र होतं. छत्री होती ती दुसऱ्या हातातल्या कार्डावर.

“माझ्या लेकरानं बस बघितली. छत्री कुणी बघितली, महाराज?”

“संशयानं शक्ती लोपते, बाळ.”

“शक्ती नाही लोपली. हात ढकलणारा तेवढा चुकला.” तिनं माइक ओढून घेतला. “मलाही ते वाक्य पाहिजे होतं हो. कुणाला नको? पण बोलले ते महाराज. माझं पोरगं बोलतं ते या कार्डांनी, आणि तीच मी फेकायला निघाले होते. उद्या याच्या पोटात दुखलं तर महाराजांना कुठं शोधू? तुम्हीपण करून बघा. महाराजांना दिसणार नाही अशी एक वस्तू आपल्या मुलाला दाखवा, आणि मग विचारा. एवढंच करा.”

वेणूबाई पदर खोचून उठल्या, दाराशी गेल्या आणि कोपरापर्यंत हात पिंपात घालून नातवाचे हेडफोन शोधू लागल्या.

“आजी, तिथं माझ्या मुलीचं वाळूचं घड्याळ आहे, किती वेळ थांबायचं ते तिला त्यावरच कळतं,” मागून एक बाई घाईनं म्हणाली. “फोडू नका, सावकाश काढा.”