पाचवीच्या बाईंना वारा घालताना

मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, माझी मान एका जागी ठरत नाही. मी शाळेतल्या शिक्षकांच्या खोलीतला एक जुना टेबलफॅन आहे. घटकेत इकडे, घटकेत तिकडे बघतो, त्यामुळे कुणाचीच गोष्ट मला सलग दिसत नाही. जेवढी दिसली तेवढी सांगतो.

कारखान्यातून आलो तेव्हा माझी पाती निळी, चकचकीत होती. माझे कौतुक करत सगळे माझ्यासमोर खुर्च्या ओढायचे. पुढे छताला दोन पंखे लागले. गरज सरो, वैद्य मरो! माझी रवानगी कोपऱ्यातल्या टेबलावर झाली. जाळी वाकली, मान वळताना कटकट वाजू लागली, पण पुसायला कुणी आले नाही. त्या टेबलावर पाचवीच्या बाई बसतात.

वर्षाचा शेवटचा महिना आला की त्या खोलीत माझा जीव घाबरा होतो. पेपरांचे गठ्ठे, निकालाची घाई, सगळ्यांच्या नाकी नऊ आलेले. वारा घालावा तर कागद उडतात आणि बोलणी मला बसतात. यंदा बाई एक प्रगतिपुस्तक उघडायच्या, अर्धे टाकून दुसरे घ्यायच्या, मध्येच उठून खिडकीशी जायच्या. त्यांच्या पर्समध्ये राजीनाम्याचा कागद होता. रोज काढायच्या, वाचायच्या, परत ठेवायच्या. आज देतील की उद्या, या धास्तीने मी नुसता गरगरत होतो.

एका दुपारी चित्रकलेचे सर त्यांच्या मदतीला बसले. चाळता चाळता ते एका प्रगतिपुस्तकावर थांबले. बाईंनी शेरा लिहिला होता, 'वर्गात लक्ष देते. प्रगती समाधानकारक.' ती मुलगी तर तीन महिन्यांपूर्वीच शाळा सोडून परगावी गेली होती.

"कमाल आहे पोरीची," सर म्हणाले, "तिकडे बसून इथे लक्ष देते."

बाई हसल्या. नेमकी तेव्हाच माझी मान वळली. परत फिरलो तर त्या रडत होत्या.

"चाळीस जणांना हेच लिहिलंय, सर. कुणाचा चेहराच डोळ्यांपुढे येत नाही. मी आता शिकवायच्या लायकीची राहिले नाही."

सरांनी उपदेश केला नाही. आठवणारे एक तरी मूल सांगा, एवढेच म्हणाले. बाईंनी डोळे मिटले. मग त्यांनी मागच्या बाकावरच्या एका मुलाचे सांगितले. वाचायला उभे केले की तो आधी बाकाखाली शिरायचा, आणि परवा त्याने अख्खे पान वाचून दाखवले होते.

"मग हेच लिहा की," सर म्हणाले. "आज पाचच नव्याने लिहा, पण खरे. उरलेल्याकडेच बघत बसलात तर झालेलं दिसणार कसं?"

त्या दिवशी बाईंनी पाच शेरे लिहिले आणि उजेड असतानाच घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी आठ. दमणूक काही पळाली नाही. दुपारी टेबलावर डोके टेकून त्यांना डुलकी लागायचीच. पण किती राहिले हे मोजणे थांबले. सहाव्या दिवशी त्यांनी तो राजीनामा फाडला. माझी मान तेव्हा त्यांच्याकडेच होती, नशीब माझे!

म्हणून सांगतो, मित्रांनो, प्रगतिपुस्तक हाती आले की गुणांवर झडप घालू नका. आधी खालची ती एक ओळ वाचा. थकलेल्या कुणीतरी डोळे मिटून तुमचा चेहरा आठवला आणि मगच ती लिहिली आहे.