आत्याचा पहिला हात

गोटीरामच्या घरात नवीन काहीही आलं की पहिला हात सुमित्राबाईचा. फ्रिज आला तेव्हा तिने आत पाण्याचा तांब्या ठेवला, मगच बाकीच्यांनी दाराला हात लावला. मुलाची, हितेशची, बुलेट आली तेव्हा ही पासष्ट वर्षांची बाई नऊवारी खोचून मागे बसली आणि तळवलीच्या गावदेवीपर्यंत एक फेरी मारून आली. तोवर हितेशच्या जिवलग मित्रांनाही गाडीकडे नुसतं बघत उभं राहावं लागलं. कुणी हसलं तर हसो. भावाकडे राहणाऱ्या विधवा बहिणीला एवढा मान देणारी घरं रोज दिसत नाहीत. रीत चांगलीच होती. त्या रीतीनेच घात होईल हे कुणाच्या मनात तरी कसं यावं?

सुमित्राबाई गावातली शेवटची धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून मांडवापर्यंत प्रत्येक विधीला धवले गाणारी ती धवलारीण. तिने सूर धरल्याशिवाय नवरदेवाच्या अंगाला हळद लागत नाही, आणि तोवर डीजेवाल्यालाही गप्प बसावं लागतं. लहानपणापासून तिचा डावा कान बंद. सगळा कारभार उजव्यावर, आणि तोही हल्ली मंदावलेला. गाताना ती उजव्या कानामागे तळहात धरायची, आपला आवाज आपल्याला ऐकू यावा म्हणून.

मनस्वी गोटीरामची धाकटी. महापेला एका कंपनीत एचआरला होती आणि प्रत्येक गोष्ट आपल्याला जमेल याची तिला खात्री होती. हितेशचं लग्न ठरलं तसं तिने आत्याचे सगळे धवले मोबाइलवर रेकॉर्ड केले. आता ते आत्याकडूनच तपासून घ्यायचे होते: कुठली ओळ सुटली, कुठली पुढे-मागे झाली. पण मोबाइलचा आवाज आत्याला पुरेना. हितेशचे मोठे हेडफोन लावले तरी ती म्हणे, "कुनीतरी लांब गातंय, एवढाच कलतंय."

हेडफोनचा आवाज वाढवणारा ॲम्प्लिफायर तयार मिळत होता. दोन दिवसांत दारात आला असता. पण मनस्वीला तो स्वतः बनवायचा होता. कॉमर्स शिकलेल्या, फ्यूजसुद्धा कधी न बदललेल्या मुलीला ही हौस का सुटावी, हे तिची आई वैशाली रोज विचारायची. मनस्वीचं उत्तर ठरलेलं होतं, "आई, टेन्शन नको घेऊ. व्हिडिओत सगळं दाखवलंय."

व्हिडिओत सगळं दाखवलं होतं हे खरं. आवाज वाढवणारी पहिली आयसी चिप तिने उलटी बसवली आणि ती तापून गेली. दुसऱ्या वेळी सोल्डरिंग करताना बोट भाजलं. साबुदाण्याएवढे ओबडधोबड डाग जोडत जोडत तीन आठवड्यांनी वस्तू उभी राहिली: बिस्किटांचा पत्र्याचा डबा, आत नऊ व्होल्टची बॅटरी, बाहेर एक स्विच आणि आवाजाचं गोल बटण. मनस्वीने त्याचे दहा फोटो काढले.

व्हिडिओतल्या माणसाने एक गोष्ट तीन-तीनदा बजावली होती. पहिल्यांदा चालू करताना जुना, फेकण्याजोगा इअरफोन लावून बघा, कानाला न लावता, आणि मगच चांगला हेडफोन जोडा. मनस्वीने तसा एक इअरफोन बाजूला काढूनही ठेवला होता. पण त्या रविवारी घरची मंडळी दिघ्याला, नवरीकडे गेलेली. घरात आत्या आणि ती दोघीच. तिने डब्याला हळदकुंकू लावलं आणि तिला वाटलं, आधी आपण वाजवून बघायचं म्हणजे आत्याचा मान आपणच खायचा. पहिला आवाज आत्याच्याच कानात पडू दे.

निष्काळजी होती असंही म्हणता येणार नाही. तिने आवाजाचं बटण डावीकडे पार शेवटपर्यंत फिरवलं, म्हणजे आवाज शून्य. आत्याच्या डोक्यावर हेडफोन नीट बसवला. मोबाइलवर धवला लावला आणि स्विच दाबला.

बटणाच्या दोन तारा तिने अदलाबदल करून जोडल्या होत्या. डावीकडे शेवट म्हणजे आवाज पूर्ण.

आत्याचाच आवाज आत्याच्या कानात किंचाळला. तिने हेडफोन ओरबाडून फेकला आणि कान धरून खाली बसली. फार तर तीन सेकंद गेले असतील. मनस्वीने डबा बंद केला, पाणी आणलं, पायाशी बसून रडू लागली. आत्याच तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. "भुंगा शिरलाय गं कानान," ती म्हणाली. "जाईल."

भुंगा गेला नाही, उलट होतं नव्हतं तेही ऐकू येईनासं झालं. चार दिवसांनी साड्या बघायच्या निमित्ताने दोघी खारघरला कानाच्या डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टर भला माणूस. कान आधीच थकलेला होता, याच्यामुळेच झालं असं खात्रीने सांगता येणार नाही, असं म्हणाला. मनस्वीला हे बरं वाटायला हवं होतं. पण त्यापेक्षा त्याने दोन शब्द सुनावले असते तर तिला हलकं वाटलं असतं. मशीन लावायला आत्या तयार झाली नाही, कारण मशीन दिसलं की प्रश्न आले. परत येताना रिक्षात ती एवढंच बोलली, "घरान कुनाला सांगू नको. भाऊ तुना घालून पाडून बोलंल. लग्नाचं घर हाय."

हळदीच्या दोन दिवस आधी सुमित्राबाईने भावाला सांगितलं, "माजा गला बसलाय. मी नाय गानार."

गळा? सकाळीच तर ती मासळीवालीशी खणखणीत आवाजात भांडली होती. वैशालीने दोन आणि दोन चार केले: वन्सं मानाच्या साडीवरून रुसल्या. प्रत्येक लग्नात कुणीतरी रुसतंच, त्यामुळे सगळ्यांना ते लगेच पटलं. दुसरी, भारी साडी आली. गोटीराम स्वतः नारळ घेऊन बहिणीसमोर उभा राहिला, हात जोडले, म्हणाला, "बाई, चुकला असंल तर पोटान घाल. पोराची हलद हाय." आत्या मान खाली घालून बसली. साडीचं ताट मनस्वीच्या हातात होतं.

बोलायची वेळ हीच होती. लग्नघरात कालवा नको म्हणून ती गप्प राहिली, असं तिने पुढे कितीदा तरी स्वतःला समजावलं. खरं सांगायचं तर ती भ्यायली. तिने ताट आत नेऊन ठेवलं.

हळदीला मनस्वीने रेकॉर्ड केलेले धवले डीजेच्या स्पीकरवर लावले. बायकांनी मनस्वीची तोंड भरून स्तुती केली, पोरगी किती हुशार, किती हौशी. आत्या मांडवाच्या कडेला खुर्चीवर बसली होती. आपलाच आवाज चाललाय हे तिला बायकांच्या तोंडाकडे बघून कळलं असावं.

त्यानंतर गावात लग्नं झाली, पण बोलावणं आलं नाही. मानपानावरून अडून बसणारी धवलारीण कोण बोलावणार? गोटीराम बहिणीशी कामापुरतं बोलू लागला. नवीन एसी आला तेव्हा पहिलं बटण सुनेने दाबलं. कुणी आत्याला वरच्या खोलीतून बोलावलं नाही, आणि बोलावलं असतं तरी तिला ऐकू गेलं नसतं.

मार्चमधल्या एका दुपारी मनस्वी वर गेली. आज चूक कबूल करायचीच, सगळ्यांसमोर नाही तरी निदान आत्याजवळ. माफी मागायची, आणि बाबांना सांगू का ते विचारायचं. ती आत्याजवळ बसली आणि हळूच म्हणाली, "आत्या, माझं चुकलं."

"काय?"

"माझं चुकलं गं." थोडं मोठ्याने.

आत्याने उजव्या कानामागे तळहात धरला. "काय बोलतंस? जोरान बोल."

लिहून द्यावं, तर आत्याला वाचता येत नव्हतं. ओरडावं, तर खाली आई भांडी लावत होती, वहिनी होती, बाबा ओटीवर पेपर वाचत होते. हे गुपचूप सांगायची सोय मनस्वीने स्वतःच मोडून ठेवली होती. आता ते सांगायचं तर सगळ्या घराला सांगायचं.

तिने श्वास घेतला. खालचा भांड्यांचा आवाज थांबला होता.

"आत्या, चहा घेतेस का?" ती ओरडली.

आत्याने कानामागचा तळहात खाली घेतला. मग तिने विचारलं, "एवढाच ना?"

"एवढंच," मनस्वी तितक्याच मोठ्याने म्हणाली.