दहा वाजून बारा मिनिटे

“काका, ती ओळ तेवढी खोडा आणि नवीन पानावर लिहा, की इशारा दुपारी दोनला आला.”

विभागप्रमुख माझ्याहून वीस वर्षांनी लहान होता आणि त्याचा हात माझ्या वहीवर होता. बावीस वर्षे लष्कराच्या संदेशयंत्रणेवर पहारा दिल्यानंतर, नव्याने शिकून आणि परीक्षा देऊन मी या कंपनीच्या संगणक-सुरक्षा कक्षात रुजू झालो होतो. उमेदवारीचे सहा महिने परवा पूर्ण होणार होते. इतर मंडळी केवळ संगणकावर नोंदी ठेवीत. मी पूर्वीच्या शिस्तीप्रमाणे त्या शाईनेही लिहीत असे. त्यावरून कक्षात यथेच्छ थट्टा चाले.

सकाळी दहा वाजून बारा मिनिटांनी पडद्यावर लाल पट्टी उमटली होती. आमच्याकडे सांभाळायला दिलेल्या रुग्णालयांच्या नोंदींमध्ये कोणी परका शिरला होता. “साहेब, लाइन तोडू?” असे मी तत्क्षणी विचारले होते.

“काका, ही सरहद्द नाही. पान हललं की गोळी झाडायची नसते. बसा गप!”

आणि मी बसलो! हुकूम ऐकण्याची सवय हाडांत मुरलेली असते. दोन वाजेपर्यंत कोणाला कोणता आजार आहे, हे सारे चोराच्या हाती गेले होते.

“संगणकातली वेळ मी बदललीय. तुमची ही वही तेवढी नडतेय,” तो आवाज उतरवून म्हणाला. “परवा कायम व्हायचंय ना? काकूंनी शेजारीपाजारी सांगूनही टाकलं असेल.”

तिने खरोखरच सांगितले होते. माझी कानशिले तापली.

“सकाळी मला बसवलंत. आता माझ्याच हातानं खोटं लिहून घेता? लाज वाटत नाही?”

“तोंड सांभाळा!”

“बावीस वर्षं सांभाळलं! ही ओळ खोडणार नाही.”

“मग घरी बसा. आत्ताच्या आत्ता चालते व्हा!”

त्याने दाराशी उभ्या असलेल्या रखवालदाराला बोलावले. रखवालदार ओशाळून म्हणाला, “चला दादा, उगाच तमाशा कशाला?”

“बदलीचा माणूस आल्याशिवाय पहारा सोडत नसतात.”

खुर्ची मी सोडली; जागा सोडली नाही. वही छातीशी धरून पडद्यासमोर तीन तास उभा राहिलो. रखवालदाराने मला हात लावला नाही. विभागप्रमुख काचेच्या खोलीतून दूरध्वनीवर ओरडत होता.

संध्याकाळी पुढच्या पाळीचा चष्मेवाला आला. थट्टेत तोच सर्वांत पुढे असे. “काय फौजी, आज उभ्यानं लढाई?” असे म्हणत त्याने वही उघडली. त्याने ती ओळ दोनदा वाचली, काचेपलीकडे पाहिले, खिशातून पेन काढले आणि ओळीखाली सही केली.

“वेळ लिहायची राहिली,” मी म्हणालो.

त्याने घड्याळ पाहून वेळ लिहिली. सहा वाजून चार मिनिटे.

त्यानंतर मी गळ्यातील ओळखपत्र काढून टेबलावर ठेवले.