चाळीस डॉलरच्या खुर्च्या

अमेरिकेत, डॅलसजवळच्या प्लेनोतल्या मराठी मुलांचा एक नियम आहे. आईवडील भारतातून आले की कुठल्याही वस्तूची खरी किंमत सांगायची नाही. ते मनात रुपये करतात आणि मग दोन दिवस त्यांना जेवण जात नाही. त्यामुळे आमच्या गल्लीत सोफे शंभराला मिळतात, घड्याळं ऑफिसकडून बक्षीस येतात, आणि माझ्या सासूबाईंच्या समजुतीप्रमाणे आमची गाडी अजून कंपनीचीच आहे.

समोरच्या नकुलने मात्र हद्दच केली. त्याच्या बायकोने, राधिकाने, डॅलसच्या एका अँटिकवाल्याकडून जेवणाच्या टेबलाला सहा फ्रेंच खुर्च्या घेतल्या. सोळाव्या लुईच्या काळातल्या. लंबगोल पाठ, वेताची बैठक, खाली निमुळते होत गेलेले पाय. लाकडावरचा राखाडी-हिरवा रंग मूळचा, सव्वादोनशे वर्षांत तडकलेला, जागोजागी उडालेला, आणि किंमत त्या उडालेल्या रंगाचीच. अठरा हजार डॉलर. नागपूरहून सहा महिन्यांसाठी आलेल्या आईला, वसुधाकाकूंना, त्याने सांगितलं की कुणीतरी गराज सेलमध्ये जुनं सामान विकायला काढलं होतं, त्यातून उचलल्या, सहाच्या सहा चाळीस डॉलरला. त्या अवताराला काकूंना चाळीससुद्धा जास्तच वाटले असावेत.

त्याच आठवड्यात काकूंची दाढ ठणकायला लागली. डेंटिस्टने रूट कॅनॉल आणि कॅप मिळून पंचवीसशे सांगितले. नकुल म्हणाला, इथे परवडत नाही गं, नागपूरला गेल्यावर कर. परत जायला साडेचार महिने होते. काकू डाव्या बाजूने जेवू लागल्या, उजवीकडे लवंग धरू लागल्या. गालाला सूज आली तरी, मुलाचे पैसे वाचतायत, हे त्या मला कौतुकाने सांगत.

दिवाळीच्या आधी नकुल-राधिका चार दिवस कोलोरॅडोला गेले. सणाला घरात रंग उडालेलं फर्निचर काकूंना बघवेना. रंगाच्या दुकानात त्यांना मीच घेऊन गेले, तेव्हा या पापात माझाही चार आण्यांचा वाटा आहे. गराज उघडं टाकून, उन्हात, एकाहत्तर वर्षांच्या बाईने सहा खुर्च्या पॉलिश पेपरने लाकडापर्यंत घासल्या आणि क्रीम कलरच्या ऑइल पेंटचे दोन हात दिले. हात सफाईदार होता, हे म्हटलंच पाहिजे.

मुलं येतायत, त्यांचे चेहरे बघायला ये, म्हणून त्यांनी मला बोलावलं. पाहिले.

राधिका गराजमध्येच खाली बसली. बराच वेळ एका खुर्चीच्या पायावरून बोट फिरवत राहिली आणि मग म्हणाली, "आई, अठरा हजारांच्या होत्या हो या."

नकुल छताकडे बघत होता.

काकूंचे ओठ हलले. गुणाकार चालला असावा. पण त्यांनी रुपये उच्चारले नाहीत. "तू चाळीस म्हणाला होतास," त्या मुलाला म्हणाल्या.

"तू हिशेब करत बसली असतीस, आई. म्हणून."

"बरं. आणि दाढेचे पंचवीसशे सांगितलेस. ती तरी किंमत खरी होती का रे?"

या प्रश्नाला, नाही, त्याहून कितीतरी जास्त होती, असं खोटं बोलला असता तर बरं झालं असतं. निदान आईला वाटलं असतं, खरंच परवडत नसेल. नकुल म्हणाला, "खरी होती."

टर्पेंटाइनच्या चिंधीने काकूंनी नखातला रंग पुसला, एकेक बोट करून. मग तिकीट अलीकडचं करून दे म्हणाल्या.

नकुल म्हणाला, असं काय करतेस, राहा ना, उद्याच डेंटिस्टची वेळ घेतो. काकू नको म्हणाल्या.

आमच्यात पाहुण्याला पोळीसुद्धा तीनदा आग्रह करून वाढतात. नकुलने एकदाच विचारलं, आणि फोन काढून तारखा बघायला लागला.