द्यामव्वा हलली नाही

हुबळीच्या हळेपेठ चौकात, बसथांब्याच्या अलीकडे एक कडुनिंब आहे. त्याच्या बुंध्याला टेकून द्यामव्वा किल्ल्या करत बसते, त्याला आता बावीस वर्षं झाली. आधी तिचा नवरा फकीरप्पा बसायचा. तो गेला तेव्हा लोकांना वाटलं, ही पत्र्याची पेटी विकून गावाकडे जाईल. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी ती पेटी घेऊन त्याच जागी येऊन बसली. बाईच्या हातची किल्ली लागते की नाही, असं पहिल्यांदा पुष्कळांनी विचारलं. आता कुणी विचारत नाही. एवढंच की साबणावर ठसा उमटवून आणणाऱ्याला ती किल्ली करून देत नाही. कुलूप घेऊन ये म्हणते, नाहीतर चालायला लाग.

माझा फोटो स्टुडिओ तिच्या समोर, रस्त्यापलीकडे, पहिल्या मजल्यावर. पासपोर्टचे फोटो आणि लग्नं यांच्यावर माझं घर चालतं. द्यामव्वाच्या मागच्या बाजूला, फुटपाथ ओलांडला की चन्नवीर सावकारांचं चार मजली साड्यांचं दुकान. त्यांच्या ओळखीतून मला वर्षाला पाच-सहा लग्नं मिळायची, हेही सांगून टाकते.

संक्रांतीनंतर एके सकाळी द्यामव्वा जिना चढून वर आली. गुडघे दुखतात म्हणून ती एरवी खालूनच हाक मारते. तिच्या हातात कागद होता. "नीला, वाच गं काय लिहिलंय," म्हणाली.

ती नोटीस होती. किल्लीवालीमुळे संध्याकाळी चौकात वाहतूक खोळंबते, अशी सावकारांनी तक्रार केली होती. पंधरा दिवसांनी पथविक्रेत्यांच्या समितीपुढे सुनावणी होती. तिथे समाधान झालं नाही तर जागा सोडायची. सोबत पुरावा म्हणून एक फोटो जोडलेला होता. दुकानाच्या पायऱ्यांवरून काढलेला. बस, रिक्षा, मोटरसायकली एकमेकींना चिकटून उभ्या, आणि पुढच्या कोपऱ्यात पेटीवर वाकलेली द्यामव्वा. बघणाऱ्याला वाटावं, हिच्यापायी अख्खी हुबळी अडकून पडलीय.

द्यामव्वाने तो फोटो किल्लीचे दात बघावेत तसा डोळ्यांजवळ नेला. मग एका रिक्षावर बोट ठेवलं. हा मौलासाब, म्हणाली. हा माझ्यापुढे कधी थांबत नाही. हात करतो आणि निघून जातो. मग इथे थांबलेला कसा दिसतो?

मला तेव्हा उमगलं, आणि इतकी वर्षं हाच धंदा करून आधी कसं सुचलं नाही याची लाज वाटली. फोटो झटक्यात काढला की पळणारं घोडंसुद्धा उभं दिसतं. त्या फोटोत वाहतूक थांबलेली नव्हती, फोटोने ती थांबवली होती. याला उत्तर एकच. कॅमेऱ्याची झडप एक सेकंद उघडी ठेवायची. त्या सेकंदात जे जे चालतंय ते पुसट होऊन वाहून जाईल, आणि जे स्थिर आहे तेवढंच नीट उमटेल. फक्त द्यामव्वाला तो सेकंदभर पापणीही हलवता येणार नव्हती.

तिला हे समजावलं तर ती हसली. "मी कशाला हलतेय? मला हलवायलाच तर हे सगळे निघालेत."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला, तक्रारीत लिहिलेल्याच वेळी, मी दुकानासमोरच्या फुटपाथवर, झाडाच्या बाजूला तिपाई लावली आणि द्यामव्वाला रस्त्याकडे पाठ करून बसवलं. उजेड उतरायला लागला होता आणि रस्ता भरून वाहत होता. मी द्यामव्वाला म्हटलं, अव्वा, अधिकारी बघणार आहेत, जरा हात जोडून, नजर खाली करून बस, म्हणजे त्यांना दया येईल.

माझं हे बोलणं तिला अजिबात आवडलं नाही. "हात कशाला जोडू? मी काय चोरी केलीय? हातात माझी कानस राहील. आणि मी सरळ त्यांच्याकडे बघणार."

पहिले चार-पाच फोटो वाया गेले. कधी गिऱ्हाईक मध्ये आलं, कधी श्वासाबरोबर तिचे खांदे हलले. मग तिनेच मला सांगितलं, बारीक दाताला शेवटचा हात मारताना मी श्वास धरते, तसाच धरते, तू तयार झालीस की मान हलव. मी मान हलवली. तिने श्वास धरला आणि मी कळ दाबली, तेवढ्यात सावकारांचा बसू नावाचा रखवालदार पायऱ्या उतरून तिच्या शेजारी येऊन उभा राहिला आणि हात झाडायला लागला. अव्वा, ऊठ, सावकार म्हणतात इथे फोटोबिटो नाही चालणार, असं तिच्या कानाशी ओरडत होता. द्यामव्वाची पापणी लवली नाही. झडप मिटल्याचा आवाज आल्यावर तिने श्वास सोडला आणि मग सावकाश त्याच्याकडे वळून विचारलं, काय म्हणत होतास?

स्टुडिओत येऊन मी तो फोटो पडद्यावर मोठा केला. मधोमध द्यामव्वा, कपाळावरच्या आठ्या मोजता येतील इतकी लख्ख, आणि तिच्या मागे सगळा रस्ता लाल-पिवळ्या पट्ट्यांनी वाहून चाललेला, कुठेही न तुटता. हात झाडणाऱ्या बसूचा एक खाकी डाग झाला होता, त्याला तोंडसुद्धा नव्हतं. आणि तिच्या डाव्या हाताला, रस्त्यावरच, आणखी दोन गोष्टी तिच्याइतक्याच लख्ख उमटल्या होत्या. त्या दोन मोटारी होत्या. सावकारांच्या दुकानासमोर त्या रोजच असतात, म्हणून काढताना माझं लक्षही गेलं नव्हतं. वाहणारे पट्टे त्यांच्यापाशी येऊन बाहेर वळत होते.

सुनावणीच्या दिवशी आत जाण्याआधी सावकारांच्या वकिलाने द्यामव्वाला बाजूला घेतलं. मागच्या गल्लीत गटारापाशी जागा देतो, तिथे जा, मिटवून टाकू, असं तो गोडीत सांगत होता. तिने त्याला विचारलं, गटारापाशी कुलपं कोण आणतं? आणि आत निघून गेली.

समितीच्या अध्यक्ष एक वयस्कर मॅडम होत्या. आमचा फोटो बघून वकील म्हणाला की हा काही पुरावा नव्हे, ही स्टुडिओतली करामत आहे, यात धड गाडी तरी दिसते का? मी मॅडमकडे परवानगी मागितली आणि पिशवीतून कॅमेरा काढला. शिपाई यल्लप्पा चहा घेऊन येत होता. त्याचा मी आधी झटक्यात फोटो काढला. मग त्याला पुन्हा तसंच चालायला लावलं, मॅडमना सेकंदभर स्थिर बसायची विनंती केली, आणि कॅमेरा टेबलावर टेकवून दुसरा काढला. दोन्ही त्यांना दाखवले. पहिल्यात यल्लप्पा एक पाय उचलून गोठलेला होता. दुसऱ्यात मॅडम स्पष्ट होत्या आणि यल्लप्पाच्या जागी नुसतं धुरकट काहीतरी होतं.

"पहिल्या फोटोत यल्लप्पा थांबला होता का, मॅडम?" मी विचारलं.

यल्लप्पाच म्हणाला, "कुठला थांबतोय, चहा गार झाला असता."

मॅडमनी सावकारांचा फोटो आणि आमचा फोटो शेजारी शेजारी ठेवले. मग त्यांनी मोटारींवर पेन टेकवलं आणि या कुणाच्या, असं विचारलं. गिऱ्हाइकांच्या असतील, सावकार म्हणाले, येतात, दोन मिनिटांत जातात.

"पांढरी सकाळपासून असते," द्यामव्वा मागून म्हणाली. आवाज चढवला नाही. "ती सावकारांची स्वतःची आहे. तिची दुसरी किल्ली मीच करून दिलीय."

तीन आठवड्यांनी निकाल आला. दुकानासमोर गाडी उभी करायला बंदी झाली. द्यामव्वाला तिचं नाव आणि जागा लिहिलेलं ओळखपत्र मिळालं. फक्त पेटी दोन फूट आत घ्यावी, अशी एक ओळ होती. ती द्यामव्वाने माझ्याकडून दोनदा वाचून घेतली आणि लगेच लेखी अर्ज केला की दोन फूट आत कडुनिंबाचं खोड आहे, समितीने येऊन मोजावं. ते येऊन मोजून गेले. पेटी आहे तिथेच आहे.

माझी सावकारांकडून येणारी लग्नं बंद झाली. वाईट वाटलं नाही असं नाही. त्या वर्षी नवी लेन्स घ्यायची राहून गेली. पण द्यामव्वाचा तो फोटो मी दाराएवढा मोठा करून स्टुडिओच्या खिडकीत, थेट त्यांच्या दुकानाकडे तोंड करून लावला. चौथ्या दिवशी सावकारांचा फोन आला. ते नेहमीप्रमाणे सौम्य बोलले. फोटो काढून टाक, नीला, उगीच गिऱ्हाइकांना विचित्र दिसतं, म्हणाले.

मी त्यांना सांगितलं की विचित्र दिसत असेल तर खाली येऊन मूळ बाई बघून घ्या, सकाळी नऊ ते संध्याकाळी सात ती तिथेच असते.