रांगेतला पहिला ईसीजी

बाबांचा जलदानविधी झाला आणि दुसऱ्याच दिवशी मी कामावर आलो; सरकारी दवाखान्यांचं नेटवर्क मी सांभाळतो. साहेब म्हणाले, संघर्ष, थांब अजून. पण घरी भिंत बघत बसण्यापेक्षा महागावजवळच्या दवाखान्याची बंद लाइन बघितलेली बरी. रडू येत नव्हतं. भूकही लागत नव्हती.

दवाखाना तोच. इथं डॉक्टर नसतो. कंपाउंडर प्रेमसिंगभाऊ ईसीजी काढून यवतमाळला पाठवतात आणि तिथले डॉक्टर सांगतील तसं करतात. नऊ दिवसांपूर्वी बाबांचा ईसीजी काढला, तो गेलाच नाही. उत्तराची वाट बघता बघता बाबाच गेले. तेव्हापासून भाऊ माझ्याकडे बघत नाहीत. चहा मात्र दोनदा मागवला.

मी लॅपटॉप जोडला. दोन संगणक बोलण्याआधी एक हाक मारतो, दुसरा ओ देतो, मग पहिला 'ऐकलं' म्हणतो. इथली हाक यवतमाळच्या सर्व्हरपर्यंत पोचत होती. ओ येत नव्हती.

सर्व्हरचे नियम उघडले. एकाच पत्त्यावरून मिनिटात दहापेक्षा जास्त हाका आल्या तर पत्ता बंद. हाका थांबेपर्यंत बंदच. बाहेरचे उपद्रवी लोक अडवायला महिन्यापूर्वी लावलेला नियम. लावणाऱ्याचं नाव माझं. इथलं यंत्र नऊ दिवस आपोआप हाका मारत होतं, म्हणून बंदी उठलीच नव्हती.

मी स्क्रीनकडे बघत राहिलो. काहीच वाटलं नाही, याचीच भीती वाटली.

"त्या दिवशी ईसीजी लवकर जाईना, घाबरून मी मिनिटभरात पंचवीस खेपा बटन दाबलं," प्रेमसिंगभाऊ मागून म्हणाले. "माह्याच हातानं बिघडलं ना?"

हो म्हटलं असतं तर कुणाला कळलं नसतं.

"नाही भाऊ. तुम्ही दाबाचंच होतं. कुलूप मी लावलतं."

ते खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले.

नियम काढला. ओ आली. अडकलेले ईसीजी ओळीनं निघाले, पहिला बाबांचा. तारीख बघायला तिकडच्या डॉक्टरांना सवड नसावी. चार मिनिटांत उत्तर आलं: 'रुग्णाला ताबडतोब यवतमाळला हलवा. अजून वेळ आहे.'

खाली 'सूचना मिळाली' असं बटण असतं. ते दाबल्याशिवाय पुढच्या रुग्णाचं उत्तर दिसत नाही.

मी ते दाबलं.